बॉलरूम डान्स शिकतेय, वय ४६. इथे कुणी शिकलंय का?

केतकी_औंध
नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका खासगी कंपनीत हिशेब विभागात आहे. नोकरी बरी आहे, पगार वेळेवर होतो, माणसं चांगली आहेत. पण गेली काही वर्षं माझा महिना म्हणजे सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीआर-१, वीसला ३बी आणि मधे बँक रिको (बँकेच्या नोंदींशी हिशेब जुळवणं). मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि मग जाणवलं की संध्याकाळी घरी आल्यावर सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नसतं. दुःख नाही, आजारपण नाही, नुसतं सपाट.

गेल्या पावसाळ्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीने कॅम्पातल्या एका बॉलरूमच्या, म्हणजे जोडीने करायच्या पाश्चात्त्य नाचांच्या, क्लासला सोबत नेलं. ती नंतर सोडून गेली, मी राहिले. पहिल्या दिवशी सरांनी नाच शिकवलाच नाही, नुसतं चालायला लावलं. हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उलटं. मागे जाताना आधी पायाचं बोट लांब जातं, मग चवडा टेकतो, आणि टाच अगदी शेवटी, दुसरा पाय शेजारून जात असताना. इतकी वर्षं मी ह्या पायांवर चालतेय आणि टाच नेमकी कधी टेकते ह्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं! त्या रात्री मी घरी पॅसेजमध्ये उलटी चालत होते आणि मला खूप दिवसांनी मनापासून मजा येत होती.

आता वॉल्ट्झ बऱ्यापैकी येतो, फॉक्सट्रॉट सुरू आहे. क्लासच्या दिवशी सकाळपासून मला जाग असते, असं म्हणेन. कामही भराभर उरकतं.

पण काही प्रश्न आहेत, ते इथे मोकळेपणाने विचारते.
नवरा म्हणतो, तू खुशाल जा, मला नको ओढू. म्हणजे मी एकटीच जाते आणि दर एक-दोन गाण्यांनी जोडीदार बदलतो. साबांनी (सासूबाईंनी) एकदा विचारलं, "कुणाबरोबर नाचतेस गं?" आवाजात राग नव्हता, पण मला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही घरी काय सांगितलंत?
दुसरं, ह्यात पुरुष लीड करतो आणि बाईने फॉलो करायचं. घरी-दारी सगळे निर्णय घेणाऱ्या बाईने हे कसं घ्यायचं?
आणि मुख्य म्हणजे, हे टिकतं का? की नव्याचे नऊ दिवस?

---

चिंच_गूळ
अगं किती छान लिहिलंयस! पॅसेजमध्ये उलटं चालून बघते आत्ताच.

---

जुना_गिरगावकर
उत्तम विषय. आपल्याकडे हे काहीतरी आत्ता आलेलं फॅड आहे असं लोकांना वाटतं, म्हणून थोडं मागचं सांगतो.

१९३०च्या दशकात मुंबईत ताजच्या बॉलरूममध्ये टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन पियानोवादक बँड घेऊन वाजवत असे. त्या काळच्या मुंबईच्या बँडांमध्ये गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते, कारण गोव्यात चर्चच्या शाळांमधून नोटेशन वाचायला शिकवत. व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, जे म्हणाल ते. स्वातंत्र्यानंतर साहेबलोक गेले, मग १९४९चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतली रात्र थंडावली. पण वादक कुठे गेले? बरेचसे हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात. चिक चॉकलेट ह्या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आन्तोनियो शावियेर वाझ हे आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम करत. म्हणजे जी गाणी ऐकत आपल्या आई-वडिलांनी संसार केले, त्यांच्या अंगात डान्स हॉलचा ठेका होताच. आपण फक्त बसून ऐकत होतो.

केतकीताई, तुम्ही उठून उभ्या राहिलात, इतकाच फरक.

---

रांगडा_सातारी
राग मानू नका, पण माझं मत वेगळं आहे. नाचायचंच तर आपल्याकडे काय कमी आहे? लेझीम आहे, गजीनृत्य आहे, टिपरी आहे, बायकांच्या मंगळागौरीत तर किती खेळ आहेत. फुगडी घालून बघा, दम कसा लागतो ते. त्याला ना क्लासची फी, ना वेगळे बूट. परक्यांचं उचलायचं आणि त्याला व्यक्तिमत्त्व विकास म्हणायचं, हे मला पटत नाही.

---

केतकी_औंध
@रांगडा_सातारी, राग कशाला? लेझीम शाळेत मी खेळलेय, पुढच्या रांगेत होते. पण ती आता कुणाबरोबर खेळू? गणपतीच्या पथकात वीस-पंचविशीची मुलं असतात आणि मंगळागौर वर्षातून एकदा. मला दर आठवड्याला, ऑफिस सुटल्यावर, माझ्या वयाच्या माणसांत करता येईल असं काही हवं होतं. ते इथे मिळालं. तुमच्याकडे लेझीमचा असा वर्ग असेल तर खरंच सांगा.

---

मडगांवची_मारिया
माझं माहेर गोव्यातल्या सासष्टीतलं, आता ठाण्याला असते. मराठी शाळेतच शिकले, त्यामुळे इथे वाचते सगळं.

आमच्याकडे हे कुणी "शिकत" नाही. लहानपणी बाबांच्या पावलांवर पाय ठेवून उभं राहायचं आणि ते घरभर फिरवायचे. लग्नात टोस्ट झाला की पहिला नाच नवरा-नवरीचा, मग दोघांचे आईवडील, मग सगळे. वॉल्ट्झ झाला, फॉक्सट्रॉट झाला, जाइव्ह झाला, आणि शेवटी मसाला, म्हणजे बँडने सलग वाजवलेली धमाल कोंकणी गाणी, तेव्हा आज्यासुद्धा खुर्चीवरून उठतात. पणजीत क्लब नॅसिओनालचा रेड अँड ब्लॅक डान्स असतो, कार्निव्हालच्या शेवटच्या दिवशी, सगळे लाल-काळ्या कपड्यांत.

साबांच्या प्रश्नावर सांगते. आमच्याकडच्या लग्नांत माझ्या आईला गल्लीतला पोस्टमन नाचायला विचारायचा, चुलत सासरा विचारायचा, माझ्या भावाचा सोळा वर्षांचा मित्र विचारायचा. ती सगळ्यांबरोबर नाचायची आणि प्रत्येक नाच संपला की तो माणूस तिला परत तिच्या खुर्चीपर्यंत आणून सोडायचा. हा रिवाज आहे. नाच म्हणजे त्या एका गाण्यापुरती ओळख, त्याच्या पुढे-मागे काही नाही. जिथे हे सगळ्यांना माहीत असतं तिथे "कुणाबरोबर" हा प्रश्नच येत नाही. पुण्यात तो येतो, कारण रिवाज माहीत नाही. साबांना एकदा क्लासवर घेऊन जा ना.

आणि @रांगडा_सातारी, गोव्यात आमच्याकडे मांडोसुद्धा आहे. बायका एका रांगेत, पुरुष समोरच्या रांगेत, हातात पंखे, साथीला व्हायोलिन आणि घुमट (मातीचं तालवाद्य). कुणी कुणाला हात लावत नाही. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या मोठ्या घरांत तो रंगला आणि त्याच घरांत वॉल्ट्झही होत होता. घुमट आपलं आणि व्हायोलिन परकं, असा वाद तिथे कुणी घातला नाही.

---

रांगडा_सातारी
घुमटाचं माहीत नव्हतं, चांगली माहिती दिलीत. गोव्याचं समजू शकतो, चारशे-साडेचारशे वर्षं पोर्तुगीज होते. पण पुण्यात?

---

वाटाणा_उसळ
पुण्याच्या कॅम्पात पण साहेब होतेच की! :)
मारिया, अवांतर आहे, पण लग्नातल्या जेवणाबद्दल एक ओळसुद्धा नाही? सोरपोतेल, बेबिंका, काहीतरी लिहा.

---

मडगांवची_मारिया
वेगळा धागा काढते, इथे केतकीताईंचं राहून जाईल. (सान्नांबरोबर सोरपोतेल, आणि तेही दुसऱ्या दिवशीचं.)

---

तबलजी_नाना
मी तबला शिकवतो. माझ्याकडचा एक विद्यार्थी वॉल्ट्झ शिकतोय, त्याला एक-दोन-तीन पकडता येत नव्हतं. मी त्याला म्हटलं, दादरा म्हण. धा धी ना, धा ती ना.

गंमत बघा. वॉल्ट्झचं एक आवर्तन तीन मात्रांचं धरतात. पण पावलं मोजलीत तर पहिल्या तीनला पुरुषाचा डावा पाय आधी निघतो आणि पुढच्या तीनला उजवा. म्हणजे पाय पुन्हा मूळ जागी यायला सहा मात्रा लागतात. हा सरळ दादराच झाला, तीन-तीनच्या दोन विभागांचा. पहिल्या "धा"वर डावा, दुसऱ्या "धा"वर उजवा. दुसऱ्या विभागात टाळी नाही, खाली (टाळीविना मात्रा) आहे, म्हणून तिथे अंग थोडं हलकं ठेव असं मी सांगितलं. पोराचं काम झालं. फॉक्सट्रॉट चार मात्रांचा, तो केरव्याच्या अंगाने मोजता येतो.

लय मात्र सांभाळा. स्पर्धेतला वॉल्ट्झ मिनिटाला ८४ ते ९० मात्रांचा असतो आणि व्हिएनीज वॉल्ट्झ १७४ ते १८०. म्हणजे जवळजवळ दुगुनच.

---

केतकी_औंध
नाना, हे आमच्या क्लासमध्ये सांगणार! आजच धा धी ना म्हणत करून बघितलं. दुसऱ्या "धा"ला माझा गोंधळ व्हायचा, तो एकदम सुटला.

---

डॉ_शतावरी
चाळिशी-पन्नाशीच्या बायका माझ्याकडे गुडघे घेऊन येतात, त्यामुळे आधी बुटांबद्दल. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज घालून वळणं घेऊ नका. रबर फरशीला चिकटून बसतं, वरचं शरीर वळतं आणि पीळ गुडघ्यात जातो. नाचाच्या बुटांचा तळ स्वेडचा (लवदार चामड्याचा) असतो, तो घसरतोही थोडा आणि थांबवतोही. टाच सुरुवातीला कमी उंचीचीच घ्या.

मेंदूबद्दल पण लिहिते, कारण ह्याचे फॉरवर्ड अर्धवट फिरतात. २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांना काही वर्षं तपासत राहिले. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. शारीरिक गोष्टींपैकी असा संबंध दिसला तो एकट्या नाचाचा. चालणं, पोहणं, सायकल ह्यांचा तसा दिसला नाही. पण ही निरीक्षणं आहेत, औषधाची चाचणी नव्हे. ज्यांची स्मृती आधीच उतरणीला लागली आहे ते नाच लवकर सोडतात, असंही असू शकतं. म्हणून "नाचा आणि विसरभोळेपणा टाळा" असं मी कुणाला लिहून देणार नाही. मात्र तोल, पायांची ताकद आणि माणसांत जाणं, ह्या तिन्हींसाठी मी पेशंटना नाच करायला आवर्जून सांगते. पडून खुबा मोडलेल्या आज्या बघितल्यावर तोलाची किंमत कळते.

---

अबोल_अवि
मी इथे क्वचितच लिहितो, पण हा धागा माझाच आहे असं वाटलं.

मी बँकेत आहे, मुंबई उपनगरात. दिवसभर काउंटरला काचेच्या अलीकडे. माणसं शेकडो येतात, त्यांच्या सह्या मी बघतो, चेहरे नाही. जे काही ठरवायचं ते सिस्टिम ठरवते, आणि तिला जमलं नाही की वर पाठवायचं. ह्यात कुणाची चूक नाही, काम तसंच आहे. पण ठरवायची सवयच जाते हो. घरी भाजी कुठली आणू ते सुद्धा मी बायकोला फोन करून विचारायचो.

बॉलरूममध्ये मी लीड करतो. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं की हात हे ढकलायला नाहीत. ओढलंस तर ती तोल सावरण्यात गुंतेल, तुला ऐकू शकणार नाही. सांगायचं ते छातीने आणि पोटाने. तू मनापासून डावीकडे निघालास तर तिला कळतं, आणि तुझं ठरलेलं नसेल तर तेही कळतं. मग त्यांनी जोडीदारणीला डोळे मिटायला लावले. अख्खं गाणं तिने डोळे मिटून करायचं.

हॉलमध्ये सात-आठ जोड्या, सगळ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं हा नियम. समोरची जोडी अचानक थांबते, कोपरा जवळ येतो, मागून कुणीतरी वेगाने येतं. आणि माझ्या हातात एक डोळे मिटलेलं माणूस आहे, तिला धक्का लागता कामा नये. वळायचं, थांबायचं की जागेवर झुलायचं, एका मात्रेत ठरवायचं. वर पाठवायला कुणी नाही! गाणं संपलं तेव्हा माझा शर्ट भिजला होता आणि मी कमालीचा खूश होतो.

टिकतं का, असं विचारलंत. माझं टिकलंय. कंटाळा हा कामाचा असतो असं मला वाटायचं. आता वाटतं, माझ्यावर काही अवलंबून नाही ह्याचा तो कंटाळा होता.

---

चिंच_गूळ
@अबोल_अवि, शेवटच्या दोन वाक्यांवर मी बराच वेळ थांबले.

---

स्वच्छंदी
अविंचा अनुभव सुंदर आहे, पण तो लीड करणाऱ्याचा आहे. ठरवायचं त्याने, डोळे मिटायचे तिने. केतकीचा दुसरा प्रश्न तिथेच राहिला. बाईने मागे मागे चालायचं, तेही उंच टाचांवर, आणि ह्याला सौंदर्य म्हणायचं? मला नाच आवडतो, सालसाही शिकलेय, पण ह्या मांडणीबद्दल बोललं पाहिजे.

---

मडगांवची_मारिया
स्वच्छंदी, मुद्दा बरोबर आहे, पण फॉलो करणं म्हणजे हुकूम पाळणं नाही. पाऊल किती लांब, वजन कधी सोडायचं, वळण किती पूर्ण करायचं, हे सगळं बाईच ठरवते. तिने वजन टाकायच्या आधी पुरुष पुढे गेला तर तो तिच्या पायावर पाय देणार. म्हणजे त्याने सांगायचं आणि मग तिची वाट बघायची. चांगला लीड करणारा ओळखायचा तो ह्यावरून. आणि पुढे जाणाऱ्या जोडीत ती मागे चालत असते तेव्हा त्याच्या पाठीमागचं तिलाच दिसतं. मागून कुणी आदळणार असेल तर बोटांनी खांद्यावर हलकं दाबायचं, तो थांबतो. माझी आई असंच करायची.

---

अबोल_अवि
मारियाताई, अगदी खरं. त्या दाबण्यामुळे मी कितीतरी वेळा वाचलोय.
स्वच्छंदी, आमच्याकडे बायका जास्त आणि पुरुष कमी, त्यामुळे निम्म्या बायका लीड शिकतात. मॅडम स्वतः दोन्ही शिकवतात आणि मलाही फॉलो करायला लावतात. ते फार अवघड आहे. पुढे काय येणार हे ओळखायचा मोह होतो आणि तो आवरावा लागतो.

---

स्वच्छंदी
दोन्ही भूमिका सगळ्यांना शिकवत असतील तर माझा आक्षेप बराचसा संपतो. केतकी, तूही विचार तुझ्या सरांना.

---

सुमी_टोकियो
जपानमधून लिहितेय. ऑफिसच्या कंटाळ्याचं माहेरघरच म्हणा.

इथे १८८३ साली टोकियोत रोकुमेइकान नावाची इमारत बांधली होती, परदेशी पाहुण्यांना बॉल, म्हणजे नाचाची मेजवानी, देण्यासाठी. आम्हीही तुमच्याइतकेच सुधारलेले आहोत, हे दाखवायला सरकारी अधिकारी आणि त्यांच्या बायका वॉल्ट्झ शिकल्या. म्हणजे सुरुवातच सरकारी कामकाज म्हणून झाली! नंतर डान्स हॉल बदनाम झाले आणि १९४८च्या कायद्याने त्यांना करमणुकीच्या संशयास्पद धंद्यांच्या यादीत टाकलं, परवाने आणि वेळेची बंधनं आली. तो कायदा २०१५ साली बदलला आणि २०१६च्या जूनपासून नवे नियम लागू झाले.

पण मला सांगायचंय ते आमच्या वॉर्डाच्या समाजकेंद्राबद्दल. तिथे आठवड्यातून एका संध्याकाळी सोशल डान्सचा वर्ग भरतो. सूटमधले काका ऑफिसातून थेट येतात, पिशवीतून नाचाचे बूट काढतात. इथे हस्तांदोलनसुद्धा सहसा करत नाहीत, नवरा-बायको रस्त्याने हात धरून चालत नाहीत. तरी नाचात एकमेकांना धरतात. नाच सुरू होण्याआधी वाकून नमस्कार, संपल्यावर पुन्हा वाकून नमस्कार. ह्या दोन नमस्कारांमुळे मधल्या स्पर्शाला मर्यादा मिळते. मारियाने खुर्चीपर्यंत पोचवण्याचा रिवाज सांगितला, त्याचंच काम हे नमस्कार करतात. आपणही हा नमस्कार उचलायला हरकत नाही, तो तर आपलाच आहे.

---

जुना_गिरगावकर
सुमी, बदनामीवरून एक जोड देतो. वॉल्ट्झला खुद्द युरोपातही सुरुवातीला असंच झोडपलं होतं. १८१६ साली लंडनच्या राजदरबारी नाचात वॉल्ट्झ झाला तर टाइम्सने संपादकीय लिहून आईबापांना सावध केलं होतं की मुलींना ह्यापासून दूर ठेवा. त्याआधीच्या नाचांत जोड्या रांगेत किंवा चौकोनात, हाताला हात लावण्यापुरत्या. एका जोडप्याने एकमेकांना धरून बाकी सगळ्यांकडे पाठ करायची, हे नवीन होतं. साबांचा प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे आणि लंडनलाही पडला होता.

---

नॉर्थवेस्ट_निखिल
मँचेस्टरजवळ राहतो. इथून ब्लॅकपूल तासाभरावर. समुद्रकाठचं जुनं गाव, एकेकाळी गिरणीकामगार आठवड्याची सुट्टी घेऊन तिथे यायचे. म्हणजे आपल्या गिरणगावासारखेच कष्टकरी. बॉलरूम ही फक्त उमरावांची चीज होती असं समजणाऱ्यांनी ब्लॅकपूल बघावं. टॉवर बॉलरूमची आजची वास्तू १८९९ची. खालची लाकडी जमीन महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या तीस हजारांहून जास्त तुकड्यांची. १९५६च्या आगीत ती गेली, मग दुरुस्त करून १९५८ला पुन्हा उघडली. गावातच विंटर गार्डन्समध्ये १९२०पासून डान्स फेस्टिव्हल भरतो, जगभरचे नाचणारे तिथे येतात.

मी स्पर्धा बघायला नाही, दुपारच्या चहाच्या नाचाला गेलो होतो. कोपऱ्यात वुर्लिट्झर ऑर्गन, टेबलांवर चहा आणि स्कोन्स. ऐंशीच्या घरातलं एक जोडपं काठीच्या आधाराने चालत आलं. काठ्या खुर्चीला टेकवल्या आणि नाचायला लागले. वेग नाही, वळणं छोटी, पण ठेका एकही चुकला नाही. गाणं संपल्यावर आजींनी मला विचारलं, तू का बसलायस? मला येत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, मग उठ. मी उठलो.

आयटीतला आहे, टिकेट (तक्रारीची नोंद) आली की सोडव, पुढची टिकेट. आता बुधवारी संध्याकाळी सातनंतर लॅपटॉप उघडत नाही. टीमला माहीत आहे.

---

प्रभा_नाशिक
सगळं छान चाललंय, पण एक नकोशी गोष्टही सांगितली पाहिजे. मी आणि माझी बहीण एका क्लासला जात होतो. नाव लिहीत नाही. शिकवणाऱ्याचा हात पाठीवर जिथे असायला हवा तिथे नसायचा. आम्हाला धड माहीतच नव्हतं की कुठे असायला हवा, त्यामुळे आधी वाटलं हीच पद्धत असेल. नंतर बहिणीने पुस्तक मिळवून वाचलं. आम्ही दोघींनी तिथेच, सगळ्यांसमोर विचारलं आणि सोडलं. म्हणून नवीन जाणाऱ्यांसाठी कुणीतरी नीट लिहा.

---

अबोल_अवि
प्रभाताई, बरं झालं लिहिलंत. सगळ्यांसमोर विचारलंत ते तर फारच उत्तम.
वॉल्ट्झ-फॉक्सट्रॉटसाठी: पुरुषाचा उजवा हात बाईच्या डाव्या खांद्याच्या फऱ्यावर, बोटं जुळलेली. त्याच्या खाली नाही. बाईचा डावा हात त्याच्या दंडावर. दुसरे दोन हात साधारण बाईच्या डोळ्यांच्या उंचीला. दोघंही एकमेकांच्या अगदी समोर नसतात, किंचित आपापल्या डावीकडे, त्यामुळे नजर समोरच्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे जाते. एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाचणं सिनेमात. सुरुवातीला अंतर ठेवूनच शिकवतात. कुणी पहिल्याच दिवशी "जवळ या" म्हणत असेल तर बाहेर पडा.

---

डॉ_शतावरी
हे वर्णन सगळ्या क्लासच्या भिंतीवर लावलं पाहिजे.

---

रांगडा_सातारी
प्रभाताईंचं वाचून वाईट वाटलं. आणि अविंच्या डोळे मिटण्याच्या गोष्टीवर विचार करतोय. लेझमीत अशी एकाची एकावर जबाबदारी नसते, सगळ्यांची सगळ्यांवर असते. वेगळी गोष्ट आहे, हे मान्य. तरी केतकीताईंनी विचारलं होतं म्हणून गावातल्या व्यायामशाळेत बोललो. रविवारी सकाळी मोठ्यांसाठी लेझीम सुरू करायला शिक्षक तयार आहेत. चाळिशीच्या पुढचेच. साताऱ्यात कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

केतकी_औंध
किती प्रतिसाद! सगळे वाचले, काही दोनदा. @रांगडा_सातारी, हे तर फारच छान झालं. साताऱ्याला मावशी आहे, एखाद्या रविवारी येऊनच बघते.

मधे काही गोष्टी घडल्या त्या सांगते. सरांना लीड शिकवा म्हटलं. ते खूश झाले, कारण आमच्याकडेही पुरुष कमीच आहेत. आता निम्मा वेळ मी लीड करते. स्वच्छंदी, तू म्हणतेस त्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. लीड करायला लागल्यावर कळलं की समोरची बाई वजन कुठल्या पायावर घेऊन उभी आहे हे न ऐकता मी एक पाऊलही टाकू शकत नाही. आणि परत फॉलो करायला गेले तेव्हा लीड करणाऱ्यांपैकी कोण ऐकतंय आणि कोण नुसतं पाठ केलेलं म्हणतंय, हे लगेच समजायला लागलं. ऑफिसात मी गेली कित्येक वर्षं पाठ केलेलंच म्हणतेय. परवा एका व्हेंडरचा फोन आला, नेहमीप्रमाणे पेमेंटची तारीख सांगून ठेवणार होते, पण आवाज वेगळा वाटला म्हणून थांबले आणि विचारलं. माणूस अडचणीत होता. त्याचं बिल तीन टेबलांवर अडकलेलं होतं, ते मी स्वतः फिरून सोडवलं. काम तेच, तारखा त्याच. मी त्यात आहे, हा फरक.

साबांना मारियाच्या सल्ल्याप्रमाणे क्लासवर घेऊन गेले. पूर्ण वेळ खुर्चीवर बसून बघत होत्या. सुमीचा नमस्कार मी सरांना सुचवला होता, तो आता सगळे करतात. तो साबांना फार आवडला. घरी आल्यावर म्हणाल्या, मला ते चौकोनात पावलं टाकायचं दाखव. मी लीड केलं. दादरा त्यांना माहीत होताच, भजनात पेटी वाजवतात, त्यामुळे ठेका माझ्यापेक्षा पक्का. "कुणाबरोबर नाचतेस" ह्याचं उत्तर आता त्याच शेजाऱ्यांना देतात, आणि सगळ्यांची नावं सांगून देतात.

नवरा अजून येत नाही. मीही आता आग्रह धरत नाही. तो मला सोडायला येतो आणि बाहेर चहा पीत बसतो, तेवढं मला पुरेसं आहे. माझं हे माझंच राहिलं तरी चालेल.

---

चिंच_गूळ
साबा झिंदाबाद!

---

वाटाणा_उसळ
मी आणि बायको दोघंही बघून आलो एक क्लास, ठाण्यात. फी भरली. एकच प्रश्न, तिला कोल्हापुरी घालून जायचंय. चामड्याचाच तळ आहे ना?

---

डॉ_शतावरी
तळ चालेल, पण मागे पट्टा नाही! उलटं पाऊल टाकताना चप्पल पुढेच राहील. मागून बंद, पायात घट्ट बसणारं काहीही घाला.

---

केतकी_औंध
लगेच महाग बूट घेऊ नका. मी आधी जुन्या चामडी तळाच्या बंद सॅंडलवर काढलं, टिकणार असं दिसल्यावर स्वेडचे घेतले. ते रस्त्यावर घालायचे नाहीत, पिशवीतून न्यायचे. तळ गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने एकाच दिशेने घासायचा, ओल लागू द्यायची नाही. आणि दोघांनी जोडीनेच नाचायचा हट्ट धरू नका, बदलत राहा. सर म्हणतात, बदलून नाचणारे लवकर शिकतात.

---

वाटाणा_उसळ
ठीक. मंगळवारी पहिला वर्ग आहे. येऊन लिहितो.